चौकातला टेपरेकॉर्डर

हेरंब लंडनला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि ब्रेकडान्स शिकला. तिथे फुटपाथवर टेपरेकॉर्डर ठेवला, की मिनिटभरात गर्दी जमायची.

पंच्याऐंशीच्या सुट्टीत तो चंडीगडला घरी आला. आईने बजावलं, "रस्त्यात ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावू नकोस हं, त्यात अतिरेक्यांचा बॉम्ब असतो."

हेरंबने कशालाही हात लावला नाही. आपलाच भलामोठा टेपरेकॉर्डर सेक्टर सतराच्या चौकात ठेवून तो बाजूला बुटाची नाडी बांधायला बसला.

मिनिटभरात चौक रिकामा झाला.

पोलिसांनी बटण त्यालाच दाबायला लावलं आणि वाळूच्या पोत्यांआड पडून अख्खं गाणं ऐकलं.

मग इन्स्पेक्टर कपडे झटकत उठले.

"बम नहीं है जी. पर इससे तो बम अच्छा था!"