अर्धा दिवस पुरे

बॅगा टॅक्सीतून उतरल्याच नाहीत. सासूबाई दारात उभ्या राहून वाट बघत होत्या, आता जावई डिकी उघडेल, मग उघडेल. जावई टॅक्सीवाल्याला थांबायला सांगून हात हलवत आत आला. मागून लेक आली, कडेवर चार वर्षांची नात. आजी-आजोबांनी तिला आजवर फोनवरच पाहिलं होतं.

आतली खोली केव्हाची आवरून ठेवलेली होती. सासरेबुवांनी गुडघेदुखी विसरून पंख्याची पाती पुसली होती. शेजाऱ्यांकडून तीनचाकी सायकलही मागून आणली होती. लेक लग्न होऊन परदेशी गेली, त्यानंतर ती आत्ता पहिल्यांदा येत होती. निदान पंधरा दिवस तरी राहतील असं दोघं धरूनच चालली होती.

जावई जन्मला-वाढला परदेशात, पण बोलायला मोकळा. त्याच्या हातात एक जाडजूड पुस्तक होतं, या देशात फिरायला येणाऱ्यांसाठी इथल्या पर्यटन खात्यानं काढलेलं. सासूबाईंनी पाणी पुढे केलं, तर त्यानं उकळलेलं आहे का विचारलं. न उकळलेलं पिऊ नये असं पुस्तकात आहे म्हणाला. सासूबाईंनी नवऱ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की सासरेबुवांनी मान खाली घातली. कारण ते पुस्तक त्यांनीच लिहिलं होतं.

खात्याच्या पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव छापत नसत. बाबा ऑफिसात काहीतरी कागदपत्रांचं बघतात, एवढंच लेकीला ठाऊक होतं. ती आली की पुस्तक तिच्यापुढे ठेवायचं आणि तिचा चेहरा बघायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तर जावईच ते काखोटीला मारून हजर.

आणि तो त्यांनाच शिकवायला लागला! बोलता बोलता सासरेबुवांनी देशाची लोकसंख्या सव्वा कोटी सांगितली, तर जावयानं एक कोटी बारा लाख अशी दुरुस्ती केली. दोन तृतीयांश देश डोंगराळ आहे म्हणाला. उत्तरेला ऐन उन्हाळ्यातही स्वेटर लागतो, टॅक्सीवाला मागेल त्याच्या निम्मे द्यावेत. बाहेरचा टॅक्सीवाला त्यामुळेच तोंड फुगवून बसला होता. सासरेबुवा आपलीच वाक्यं मुकाट्यानं ऐकत राहिले.

जेवणं झाली. नात आजीच्या मांडीवर येऊन बसली आणि तिच्या बांगड्या मोजायला लागली. आता तरी बॅगा आणा, असं सासूबाईंनी म्हणताच लेकीनं आईची नजर चुकवली. साडेचारची बस धरून तलावाला जायचंय म्हणाली. तिथून डोंगरात, मग समुद्रावर, आणि तिकडूनच विमान.

"म्हणजे इथं राहणारच नाही?" सासूबाईंनी विचारलं.

जावयानं पुस्तक उघडून वाचून दाखवलं. "'राजधानीत पाहण्यासारखं फारसं नाही. अर्धा दिवस पुरे.' रागावू नका आई, पण या माणसावर माझा विश्वास आहे. पायाला भिंगरी लावून देश पालथा घातलाय त्यानं."

ते वाक्य सासरेबुवांनी याच टेबलावर बसून लिहिलं होतं. जिथं सगळं आयुष्य गेलं त्या शहरात बघायचं ते काय, असं तेव्हा वाटलं होतं. पुस्तक माझं आहे आणि ते वाक्य चुकलंय, एवढं सांगितलं असतं तरी काम झालं असतं. सासूबाईंनी डोळ्यांनी दोनदा खुणावलंही. पण आजवर त्या पुस्तकाचं कौतुक कुणी केलं नव्हतं, साहेबांनीसुद्धा नाही. पायाला भिंगरी म्हणे! एवढ्याशा कौतुकानं माणूस कसा विरघळतो बघा.

"पुस्तकात आहे ना? मग निघा," ते म्हणाले. "बस चुकायला नको."

टॅक्सी गेली. नात मागच्या काचेतून हात हलवत होती, तोवर सासूबाई कशाबशा हसत उभ्या राहिल्या. दार लावलं आणि त्यांना रडू आवरेना. लेकीच्या पोटची पोर दारातून परत गेली आणि तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही, घाला ते पुस्तक बंबात, असं बरंच काय काय त्या बोलल्या. सासरेबुवांनी सगळं ऐकून घेतलं.

"रात्री पाच जणांचा स्वयंपाक कर," ते म्हणाले. "साडेचारची रोजची बस कधीच बंद झाली. मी जुन्या आवृत्तीतनं तशीच उतरवून घेतली होती. आता फक्त मंगळवारी जाते."

मंगळवार कालच झाला होता. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. स्टँडसमोरच्या लॉजवर उतरले तर? नाहीतर टॅक्सीनंच घाट चढून गेले तर?

"छे! लॉजमध्ये ढेकूण आहेत आणि घाटात टॅक्सीवाले लुबाडतात, असं लिहिलंय मी."

"घाटात खरंच लुबाडतात का हो?"

"मला काय माहीत," सासरेबुवा म्हणाले. "मी या शहराबाहेर गेलोय कधी?"