एकसष्ट

शुक्रवारी सकाळी दहा वाजता उल्का नाडकर्णीने बहरीनच्या हमद टाउनमध्ये दत्तप्रसाद सावंतच्या दारात ट्रेकचे बूट आपटले.

"घे. तुझ्या ग्रुपात कुणाला तरी दे. मी लायक नव्हते ना!"

"आधी आत ये, उल्का."

"येणारच आहे. वर्षभराचं बोलायचंय."

दत्तप्रसाद मआमीरच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. टाकीत माणसं उतरण्याआधी आतली हवा तो मोजायचा. मीटर त्याने एकट्याने बघायचा, बाकीच्यांनी त्याचा शब्द मानायचा. उतरायचं जोडीने, एकाला त्रास झाला की दोघांनी बाहेर यायचं. हेच नियम त्याने गेल्या वर्षी नेपाळच्या ट्रेकला लावले होते. बहरीनमध्ये चढायला डोंगर नाहीत. म्हणून उल्का, तिचा नवरा सलील आणि दत्तप्रसाद पाठीवर तांदळाच्या पिशव्या घेऊन हिद्दमधल्या नाडकर्णींच्या इमारतीचे जिने चढायचे.

थोरोंग खिंड ओलांडायच्या आदल्या दिवशी ते फेदीच्या लॉजवर पोचले. जेवणघरात दत्तप्रसादने दोघांच्या बोटांना आळीपाळीने ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली. आकडे नेहमीप्रमाणे स्वतःच पाहिले.

"उल्का, तुझा एकसष्ट आहे. फार कमी. दोघंही आत्ताच्या आत्ता खाली उतरा."

खिंड राहिली ती राहिलीच.

"जरा डोकं दुखत होतं मला, बाकी काही नाही," उल्का आता म्हणत होती. "ताटभर डाळभात जेवले होते. तरी तू म्हणालास म्हणून उठले. आणि तो! रागाने घास गिळला नाही त्याने. स्वतःची सॅकसुद्धा उचलली नाही. दोन्ही सॅक मी खाली आणल्या. आजारी बाईने!"

दत्तप्रसाद बुटाच्या नाडीची गाठ सोडवत बसला होता. "अजून बोलतो का तो त्यावर?"

"बोलतो? नाव ठेवलंय मला. सकाळी उठल्यावर, 'काय एकसष्ट, चहा झाला का?' त्याच्या बँकेतल्या लीनाच्या घरी सगळी मंडळी जेवायला बसलेली, तिथे, 'ही आमची एकसष्ट, हिच्यापायी माझी खिंड गेली.' सगळे हसले. पोटची मुलगी, आपली आर्या, तीसुद्धा हसली, दत्ता!"

"तू त्याला..."

"मी काय? आकडा तू सांगितलास. एक दिवस लॉजवर थांबवलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण नाही. तुझे कामगार तुला सलाम ठोकतात, म्हणून आम्हीही ठोकायचा. एकदा तरी विचारलंस, माझं घरात काय झालं असेल?"

"सलीलने माझा नंबर ब्लॉक केलाय."

"मी नव्हता केला."

दत्तप्रसादने गाठ पुन्हा ओढून पाहिली. मग म्हणाला, "त्याला घेऊन ये. आजच. तुम्हा दोघांना समोर बसवून एक गोष्ट सांगायचीय. आधीच सांगायला हवी होती."

"माफी मागणार असशील तर राहू दे. तो इथे नाहीये."

"बँकेच्या कामाला दमामला गेलाय?"

"फेदीला."

गाठ तशीच राहिली.

"एकटा गेलाय. विमानतळावर मला म्हणाला, या वेळी ओझं नको. हा बघ कालचा मेसेज. वाच, मोठ्याने वाच."

दत्तप्रसादने वाचला. 'डोकं थोडं ठणकतंय, जेवण जात नाही. गाइड परत फिरा म्हणून किरकिर करत होता, त्याला दिला हाकलून. खलास. पहाटे खिंड. वर रेंज मफी, फोन लागणार नाही. बघ एकसष्ट, असं चढायचं असतं.'

तो उठला. जुन्या फोनमधून त्याने लॉजचा नंबर शोधला. तिथल्या बाईने सलीलला ओळखलं. "साहब तो अँधेरे में ही निकल गए," ती म्हणाली. खिंडीपलीकडे, मुक्तिनाथला विचारून सांगते, असंही म्हणाली.

पाव तासाने तिचा फोन आला. तिथे दुपारचा एक वाजून गेला होता, पहाटे निघालेले गट उतरून पोचले होते. साहेब त्यांच्यात नव्हते. वाटेत कुणाला दिसलेही नव्हते.

"सावकाश चालत असेल," उल्का म्हणाली. तिचा आवाज अजून चढलेलाच होता. "तू कशाला पांढरा पडतोस? त्याला काय होणार आहे? एकसष्ट मी आहे ना!"

"तुझा ब्याऐंशी होता, त्या उंचीवर ठीकच," दत्तप्रसाद म्हणाला. "स्वतःसाठी तो खाली उतरला नसता, उल्का. एकसष्ट त्याचा होता."