आज तरी लॉगिन व्हावं

पासवर्ड टाकून रणधीर चहा पिऊन आला, तरी स्क्रीनवरचं चक्र आपलं फिरतंच होतं.

"रोजचंच आहे मॅडम," तो म्हणाला. "सर्व्हर चालू केला की नेटवर्क उठायलाच उशीर. मग एकेका टेबलाला लॉगिन होईस्तोवर जीव जातो. बाहेर ही रांग."

अणदूरच्या पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं लचांड रणधीरच्याच गळ्यात. त्यात आज त्याला मुरूमला मुलगी बघायला जायचं होतं, आणि मॅनेजर अंबादासराव दारात खुर्ची टाकून बसलेले. मशीन सुरळीत झाल्याबिगर हलायचं न्हाय, म्हणाले. मागचं स्थळ असंच उशिरापायी हुकलं होतं. बिचारा नवा शर्ट घालून घामाघूम झाला होता.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा नेहमीचा बालाजी तापानं आडवा पडला, म्हणून ऐनवेळी या मॅडम धावत आल्या होत्या. त्यांचाही फोन सारखा थरथरत होता. त्यांनी तो पालथा घातला.

"मुलगी कशी आहे?" काम करता करता त्यांनी विचारलं.

"कुणाला ठाऊक. फोटो आईच्या फोनमध्ये आहे. म्हणलं, समोरच बघू. नोकरी करते म्हणं. आज रजा काढून पोह्याची तयारी करत असंल."

"मुरूमला कुणाच्यात?"

"ज्ञानोबा गुरुजींच्यात."

मॅडमची बोटं कीबोर्डवर थांबली.

"सापडलं," त्या म्हणाल्या.

रणधीर ताडकन उठला.

"दिवाळीत जुना सर्व्हर काढलात ना? तुमची मशिनं अजून त्याच्याच पत्त्यावर जातात. वाट बघतात, दमली की इकडं नव्या सर्व्हरकडं येतात. खंडोबाची मूर्ती दरवर्षीसारखी नळदुर्गला मुक्कामाला गेल्यावर अणदूरच्या रिकाम्या देवळाच्या दारात उभं राहावं, तसं."

त्यांनी पत्ता बदलला. रणधीरनं पासवर्ड टाकला आणि स्क्रीन लगेच उघडली. त्याला इतका आनंद झाला की त्यानं उगाच दोनदा लॉगिन करून बघितलं.

"जा बाबा," अंबादासराव खुर्ची बाजूला घेत म्हणाले, "एकदाचे दोनाचे चार कर."

रणधीरनं गाडीची किल्ली उचलली. "लई उपकार झाले मॅडम. निघतो, तिकडं सगळी खोळंबली असतील."

मॅडमनी बॅगेची चेन सावकाश ओढली.

"आत्ता मुरूमला गेलात तरी दारातच उभं राहाल," त्या म्हणाल्या. "मुलगी अजून घरी पोचली न्हाय."