हिरवा दिवा

"दिवा हिरवा आहे," टेलिफोन कंपनीचा ग्रेगा जिन्याखालच्या इंटरनेटच्या डबीकडे बोट दाखवत म्हणाला. "हिरवा म्हणजे लाइन ठीक. मास्तर, तुमचा रेडिओच एकदा कुणाला तरी दाखवून आणा."

लोव्रो मास्तर टोपी हातात धरून शेजारच्या एर्नाबाईंच्या दारात उभे होते. घर त्यांचं नव्हतं, टेलिफोनही त्यांचा नव्हता. त्यांच्या रेडिओतली खरखर मात्र इथूनच येत होती. चौकटीची अँटेना घेऊन ते गावभर हिंडले होते आणि या घराच्या तारेखाली येऊन थांबले होते. कंपनीला त्यांनी तीन पत्रं लिहिली. तिन्हींना उत्तर एकच: आपण आमचे ग्राहक नाही.

"नोव्हेंबरात तो डोंगरावरचा थंड, सोसाट्याचा बोरा वारा सुटला, त्या दिवसापासून," ते म्हणाले. "हंगेरीतला माझा मित्र अर्पाद दर रविवारी दुपारी संदेश पाठवतो. फार खालच्या लहरींवर. मोर्सच्या खुणांत, एक टिंब अर्धं मिनिट, एक रेघ दीड मिनिट. त्या खुणा संगणकाच्या पडद्यावर उमटायच्या, आता नुसता पांढरा चिखल दिसतो."

"मग फोन करा ना त्याला!"

"त्याला ऐकू येत नाही."

ग्रेगा खो खो हसला. "बहिऱ्याला रेडिओ!"

"तो डोळ्यांनी वाचतो. मीही तसंच वाचतो."

"मग पत्र लिहा."

"लिहितोच. पण बावीस वर्षांत आमचा रविवार चुकला नव्हता!" वर्गातही कधी चढला नसेल इतका मास्तरांचा आवाज चढला. "आणि तुम्ही दिव्याला काय विचारता? जोडीतली एक तार सुटलीय कुठेतरी. दोघी असल्या की एकमेकींचा गोंगाट गिळतात. एकटी उरली की ओकत राहते. इंटरनेट लंगडत का होईना चालतं, म्हणून तुमचा दिवा हिरवा!"

स्वयंपाकघरातून एर्नाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "माझ्या दारात आरडाओरडा नको. वरचा भाडेकरू इंटरनेटबद्दल चकार शब्द बोललेला नाही. आणि माझा फोन उत्तम आहे. वाजत नाही, इतकंच."

"वाजत नाही?" मास्तरांनी विचारलं.

"त्यात फोनचा काय दोष? दोष तिल्काचा. धाकटी बहीण ना माझी! मारिबोरला बसलीय. डिसेंबरात सत्तर पूर्ण झाली मला. एक फोन नाही. मग मी तरी कशाला करू?"

मास्तरांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. कोपऱ्यात विणलेल्या रुमालाखाली फोन झाकून ठेवला होता.

"एर्नाबाई," ते हळूच म्हणाले, "तो जरा कानाला लावून बघता का?"

एर्नाबाईंनी रुमाल काढला, रिसीव्हर उचलला. "हॅलो," म्हणाल्या. मग परत, मोठ्याने, "हॅलो!" आणि रिसीव्हर ग्रेगाच्या कानावर दाबला. ग्रेगाने ऐकलं. आत साधा डायलटोनही नव्हता.

"तिकडून कुणी फोन केला तर काय होतं?" एर्नाबाईंनी मास्तरांना विचारलं.

"तिकडे घंटा वाजल्याचं ऐकू येतं. माणसाला वाटतं, घरात कुणी उचलत नाही."

एर्नाबाईंनी हात एप्रनला पुसले. एकेक बोट पुसलं.

"लिहा," त्या ग्रेगाला म्हणाल्या.

"बाई, फॉर्मवर 'दोष आढळला नाही' असं लिहून झालंय."

"खोडा. यांची तक्रार चालत नाही ना तुम्हाला? माझी चालेल. ग्राहक मी आहे."

ग्रेगा शिडी घेऊन चर्चमागच्या खांबावर चढला. मास्तर घरी येऊन पडद्यासमोर बसले. वीसेक मिनिटांनी पांढरा चिखल एकदम निथळला आणि मागे स्वच्छ काळोख उरला. मंगळवार होता, अर्पाद आज काही पाठवणार नव्हता. तरी मास्तर त्या काळोखाकडे बघत राहिले.

उघड्या खिडकीतून एर्नाबाईंचा आवाज येत होता, थरथरता, संतापलेला:

"वाजत होता म्हणतेस? तिल्के, कुठे वाजत होता?"