पट्टीभर अंतर

"झिऱ्याले धक्का लागू देजो नोको, शेवंता. बाकीचं आई पाहून घेईन." सासू जाताना एवढंच बोलली होती. शेवंताबाईनं तिचा हात धरून हौ म्हटलं होतं.

लामता गावाच्या वरच्या टेकडीवर आईचा दगड होता. घागरीएवढा, शेंदरानं माखलेला. त्याच्या खालच्या उतारावर झिरा. हँडपंप कोरडे पडले की सगळं गाव त्याच पाण्यावर निभायचं. आईला हात लावायचा मान फक्त शेवंताबाईच्या घरचा. बाकीचे लांबूनच हात जोडत.

तांबडं फुटायच्या आधी ती शेणाची टोपली आणि गडू घेऊन चढायची. आईला न्हाऊ घालायची, भोवती सारवायची. मगच तोंडात पाणी. खोटं बोलायचं नाही आणि दिवा लागल्यावर मौन, हेही तिचे नेम.

टेकडीवर वारा चांगला, म्हणून पवनचक्की ठरली. ग्रामसभेत शेवंताबाईनं झिऱ्याचं विचारलं होतं. पायासाठी सुरुंग लागणार, मग पाण्याचं काय? कंपनीचा इंजिनियर धर्मेंद्र हसून म्हणाला, पाणी कुठं जातं माताजी. गावानं मात्र आईपुरतीच अट घातली: मोजायची लांब पट्टी आईपासून पूर्ण ताणून, तिच्या बाहेरच खांब. गावातल्या हिरालालनं पट्टी ताणली, तेव्हा खांबाच्या जागी ठोकलेली लाल खुंटी जेमतेम बाहेर पडली. अट कागदावर चढली. झिरा राहून गेला.

भूमिपूजनाच्या दिवशी शेवंताबाई हळूच म्हणाली, एकदा पुन्हा मोजून घ्या, आईचं काम आहे. हिरालालनं पट्टी धरली. पट्टी खुंटीच्या हातभर पुढं गेली.

खुंटी आईकडे सरकली होती.

कुजबुज सुरू झाली. धर्मेंद्रनं मोबाईलवर नकाशा दाखवला. "खूंटी अपनी जगह पर है, दादा. ये देखो."

"मोबाईल तुमचाच, नकाशा तुमचाच," हिरालाल म्हणाला. "पट्टी आमची हाये."

मग सगळ्यांच्या नजरा तेजरामकडे वळल्या. तेजराम शेवंताबाईचा दीर. त्याच्या पोराला, राकेशला कंपनीत चौकीदारी लागली होती. खुंटीजवळ तोच तर बसायचा. विमलाबाई भरल्या गर्दीत म्हणाली, "पोराले वर्दी भेटली, बापाले आई इसरली." लोक हसले. तेजराम मान खाली घालून उभा राहिला. त्या दिवसापासून त्याच्या दारात कुणी चहाला बसेना. राकेशनं वर्दी खिळ्याला टांगली आणि घरात बसला.

चार जणांनी ठरवलं, तेजरामनं आईसमोर शपथ घ्यावी. त्या संध्याकाळी तो वहिनीकडे आला. सून श्रुतिका शेवंताबाईच्या खांद्याला तेल चोळत होती.

"काय झालं खांद्याले?" त्यानं विचारलं.

"आता जास्त जागा सारवा लागते," शेवंताबाई म्हणाली.

"वहिनी, तुमी तरी सांगा. मी काहून खुंटी हलवीन?"

ती उठून त्याच्यासोबत चौकात जमलेल्या लोकांकडे गेली.

"भाऊजीनं खुंटीले हात लावला नाही. राकेशनं बी नाही. मी रोज जातो वर. मले मालूम हाये."

शेवंताबाई म्हणते म्हणजे खरंच. कुणी शपथेचं नाव काढलं नाही. विमलाबाईनं पदर तोंडाशी नेला.

"मग कोण, काकू?" हिरालालनं विचारलं.

समोरच्या घरात दिवा लागला. शेवंताबाईनं कपाळाला हात लावला आणि ओठ मिटले. लोकांनी धर्मेंद्रच्या जीपकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीनं माघार घेतली. गावाच्या देखत जुनी खुंटी उपटली आणि झिऱ्याच्या पल्याड नवी ठोकली. हिरालालनं स्वतः पट्टी ताणली. खुंटी जेमतेम बाहेर. सगळ्यांनी नारळ फोडला, तेजरामला पहिला तुकडा दिला. धर्मेंद्रनं वाकून शेवंताबाईला नमस्कार केला. ती पल्याडच्या खुंटीकडे आणि मधल्या झिऱ्याकडे बघत होती. सुरुंग तिथंही लागणारच होते.

दुसऱ्या दिवशी अंधारातच तिनं आंघोळ केली. गडू भरला. टोपलीच्या तळाशी दगड उचकटायची आखूड सब्बल आडवी ठेवली आणि वर शेण पसरलं. सासूच्या फोटोला हात जोडून ती आवाज न करता निघाली. आईला आता उलट्या बाजूला, नव्या खुंटीकडे सरकवायचं होतं.