दिव्यावरची

कॅप्टननं यान घराकडे वळवलं आणि दासगावची वीज गेली.

टीव्ही विझला. पंखा दमत दमत थांबला. रऊफ काळोखात तसाच बसून राहिला. समोर स्टुलावर फोन होता. फोनमधून यानाची घरघर अजून येत होती. तिकडे मस्कतला, त्याच्या बायकोच्या, रुकय्याच्या खोलीत, मालिका चालूच होती.

"वीज गेली काय?" रुकय्यानं विचारलं.

"गेली. तू बघ. मला सांग काय होतं ते."

काय होतं ते रऊफला माहीत होतं.

*

दर शुक्रवारी, तिच्या सुट्टीला, दोघं एकच भाग एकाच वेळी लावायचे. एक, दोन, तीन म्हणायचं आणि बटण दाबायचं. मधला समुद्र तेवढ्यापुरता नसायचा. पुढचा भाग एकट्यानं बघायचा नाही, अशी शपथ होती.

*

पडद्यावर: कॅप्टन ताऱ्यांमधून हिंडतो. दारू पितो. खोटं बोलतो. त्याच्या हातून यानं फुटतात. मग तो काचेला कपाळ टेकून रडतो, आणि सगळे त्याला माफ करतात.

पडद्यावर: त्याची बायको एका उजाड लघुग्रहावर दिवा सांभाळते. त्याला परतीची वाट दिसावी म्हणून. तिला एकदा डुलकी लागली होती. तेवढ्यात एक यान आदळलं. ते कुणीच विसरत नाही.

"कॅप्टन बाई असती," रुकय्या एकदा म्हणाली होती, "तर तिला पयल्याच भागात उतरवली असती."

रऊफ हसला होता. ती हसली नव्हती.

*

दासगावात घरातलं माणूस परदेशी गेलं की मगरिबला, दिवेलागणीच्या नमाजाच्या वेळी, ओट्यावर दिवा लागतो. खाडीत गलबतं यायची तेव्हापासूनची रीत. रऊफच्या दादीनं तो आजोबांसाठी लावला, अम्मानं अब्बांसाठी. पुरुष जायचे, बायका लावायच्या. रुकय्या नर्स होऊन मस्कतला गेली, आजारी अम्मासाठी रऊफ मागे राहिला, आणि दिव्याचं बटण त्याच्याकडे आलं.

तो मिनिडोर, सहा आसनी रिक्षा, चालवायचा. स्टँडवर दुसरा ड्रायव्हर मुदस्सर त्याला दिव्यावरची म्हणायचा. काय गो दिव्यावरची, भाकऱ्या झाल्या काय? झाल्या, रऊफ सांगायचा, पण तुझ्यासारख्या गोल नाय आल्या. सगळे हसायचे. मुदस्सरही.

मग अम्मा गेली. रुकय्याला सुट्टी मिळाली नाही. मुदस्सर कुवेतला होता तेव्हा तोही आपल्या आईच्या मय्यतीला आला नव्हता. गाव म्हणालं होतं, बिचारा, पोटासाठी काय करणार. रुकय्याबद्दल गाव काय म्हणालं ते रऊफनं तिला कधीच सांगितलं नाही. पण ते त्याला हळूहळू पटत गेलं. हे त्यानं स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

आता तिचा करार संपत होता. नवी सही करायची, नाहीतर घरी यायचं. तुमी सांगा, ती म्हणायची. तुझं तू ठरव, तो म्हणायचा. असे बरेच शुक्रवार गेले.

काल त्यानं शपथ मोडली. शेवटचा भाग एकट्यानं बघितला.

पडद्यावर: कॅप्टन परत येतो. दिवा विझलेला आहे. दार उघडं आहे, वाऱ्यानं आपटतं आहे. ती निघून गेली आहे. तो हाका मारतो. मग रडतो. या वेळी त्याला माफ करायला कुणीच नसतं.

रऊफला बरं वाटलं. त्या संध्याकाळी त्यानं ओट्यावरचा दिवा लावला नाही. आजही लावला नव्हता. भाग संपला की तो तिला सांगणार होता, सही कर, मी आता वाट बघत नाय.

*

फोनमधली घरघर थांबली. यान उतरलं. आता तिला कॅप्टन यानातून उतरताना दिसत असेल, रऊफनं मनात म्हटलं. आता उतारावर. आता दारात.

दार आपटलं. वारा आला. कॅप्टननं एक हाक मारली. मग दुसरी.

मग आवाज नाहीसा झाला. रुकय्यानं तो बंद केला होता. आता फक्त तिचा श्वास येत होता, आणि तो कुठून येतो आहे ते काळोखात कळत नव्हतं.

"काय झालं?" रऊफनं विचारलं.



"दिवा चालू हाय," ती म्हणाली.

रऊफ फोनकडे सरकला.

"ती दारात उभी हाय. रागावलीय. पण उभी हाय."

"आणि कॅप्टन?"

"त्यानं बूट काढलेन. ओट्यावर ठेवलेन. आता कुठं जात नाय म्हणतो."

त्या लघुग्रहावर ओटा नव्हता.

"ती माफ करते त्याला?"

"ते दाखवलं नाय," रुकय्या म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुमी दिवा लावलाव ना आज?"

"लावला," रऊफ म्हणाला.

फोन तसाच ठेवून तो उठला. भिंत चाचपत बाहेर आला. खाडीवर धुकं उतरलं होतं. पलीकडचा काठ नव्हता, अलीकडचं गाव नव्हतं, नुसता ओटा तेवढा तरंगत होता. त्यानं हातानं बटण शोधलं आणि दाबलं.

वीज अजून आली नव्हती.