काउंटरवरची बाई

“तू फक्त म्हण, जमलं नाही म्हणून,” दादा गॅलरीत दबक्या आवाजात म्हणाला. “माझं ती ऐकणार नाही. तुझं ऐकेल.”

धाकट्याने आत डोकावून पाहिलं. टीव्हीसमोर आई पाय वर घेऊन बसली होती. वहिनी तिच्या मागे उभी राहून कोरडेच हात पुन्हा पुन्हा टॉवेलला पुसत होती. आज ती पहिल्यांदा मालिकेत दिसणार होती. इस्पितळातल्या काउंटरवरची बाई, एवढंसंच काम. पण सकाळी फोन आला होता: हे पात्र वाढवायचंय, चित्रीकरण दुसऱ्या शहरात, उद्यापर्यंत कळवा. वहिनी घरात म्हणाली होती, “आधी भावजींना बघू दे.”

भावजींना सगळे ‘सेन्सॉर’ म्हणत. चष्म्याच्या दुकानात काचा घासता घासता तो गिऱ्हाइकालाही सोडत नसे. मालिकांमधले चहाचे कप रिकामे असतात, उचलतात तेव्हाच कळतं. नव्या गाण्यांत गायकाचा श्वाससुद्धा कापून टाकतात, मग गातंय कोण, माणूस की मिक्सर? सिनेमातला बाप मेल्याशिवाय दिग्दर्शकाला मध्यंतर सुचत नाही. आणि ही मालिका तर त्याने इतक्यांदा धुतली होती, की आई म्हणायची, “अरे पुरे, रंग जाईल तिचा.”

आज मात्र त्याचं बूड एका जागी टिकेना. तो पाणी प्यायला. पंखा वाढवला, मग कमी केला. खिडकी उघडली, लावली, परत उघडली.

“भावजी, बसा की,” वहिनी म्हणाली. “तुमच्यामुळे मलाच धडधडतंय.”

तो बसला. दादा दारातच थांबला.

पडद्यावर नायिका धावत इस्पितळात शिरली. भरजरी साडी, एक केस इकडचा तिकडे नाही. ओठांवर आलेला शेरा त्याने गिळला. मग काउंटरमागे वहिनी दिसली. ती काहीतरी लिहीत होती. तिने मान वर केली, समोरच्या बाईकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं. पेन बाजूला ठेवलं.

“बसता का जरा?” ती म्हणाली.

बस, इतकंच. पुढे संगीत कोसळलं, कॅमेरा नायिकेच्या तोंडावर तीनदा आदळला आणि जाहिरात लागली.

“गेला ना गं तिचा नवरा?” आईने डोळे पुसले.

वहिनी धाकट्याकडे बघत होती. दादाही.

“संगीत म्हणजे पत्र्यावर दगड,” तो घाईघाईने म्हणाला. “कॅमेऱ्याला काय झटका आला होता? आणि त्या बाईला नवऱ्यापेक्षा केसांची—”

“आणि मी?”

तो उठला. परत बसला.

“ते टोपण लावायला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही. माझे बाबा गेले तेव्हा इस्पितळातल्या बाईने तसंच केलं होतं. ती बोलायच्या आधीच मला कळलं.”

दारातून दादा खाकरला. धाकट्याने तिकडे बघायचं टाळलं. त्याने तळहात गुडघ्यांवर पुसले.

“मला नावं ठेवायला जागाच सापडेना, वहिनी,” तो म्हणाला. “तुम्ही जा.”

आईने एकदा या मुलाकडे पाहिलं, एकदा त्या मुलाकडे. दादा पुढे आला आणि त्याने तिच्या हातातला रिमोट काढून घेतला. धाकट्याला वाटलं, आता हा टीव्ही बंद करणार, आणि मग आपल्याकडे वळणार.

“यात मागे कसं घेतात?” दादाने विचारलं. “मी तुझ्याच तोंडाकडे बघत होतो. तिला पाहिलंच नाही.”

धाकट्याने बटण दाखवलं. नायिका पुन्हा धावत आली. दादा पडद्याच्या इतक्या जवळ उभा होता, की बाकीच्यांना फक्त त्याची पाठ दिसत होती. आई “अरे, सरक” म्हणाली नाही. प्रसंग संपला, साबणाची जाहिरात लागली, तीही तो तसाच उभा राहून बघत राहिला.

“तिकडे थंडी फार असते म्हणतात,” मागे न वळता तो म्हणाला.